केटीपी: भुकटी भाजावी की फ्लक्समधून स्फटिक वाढवावेत?

पोटॅशियम टायटॅनिल फॉस्फेट, म्हणजेच केटीपी, १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त लेझरचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश करतो. नावात फॉस्फेट असले तरी त्यातले काही ऑक्सिजन फॉस्फरसला जोडलेलेच नसतात. ते दोन टायटॅनियमच्या मध्ये बसतात, आणि पदार्थाचा सगळा गुण तिथेच आहे. गोव्यात एमएस्सी किंवा पीएचडीच्या कामासाठी तो बनवायचा तर दोन मार्ग परवडतात: भुकटी भाजणे, किंवा फ्लक्समध्ये, म्हणजे वितळलेल्या क्षारात, विरघळवून सावकाश थंड करत स्फटिक वाढवणे. जलौष्णिक पद्धतीला (दाबाखालच्या गरम पाण्यातून स्फटिक काढण्याला) लागणारा दाब टेफ्लॉनच्या अस्तराच्या साध्या ऑटोक्लेव्हला, म्हणजे बंद दाबपात्राला, पेलत नाही, म्हणून ती इथे सोडली आहे.

भाजण्याचा मार्ग स्वस्त आहे. ५ ग्रॅम केटीपीसाठी पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ३.४४ ग्रॅम आणि अ‍ॅनाटेज टायटॅनिया (टायटॅनियम डायऑक्साइडचे एक स्फटिकरूप) २.०२ ग्रॅम घ्या. अगेटच्या खलात अ‍ॅसिटोन घालून अर्धा तास घोटा; फॉस्फेट अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही. ३०० अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश न्या, कारण पाणी निघताना मिश्रण फसफसते आणि घाईने तापवले तर मुशीबाहेर येते. सहा तासांनी पुन्हा घोटा, ६०० अंशांवर रात्रभर ठेवा, परत घोटून ७८० अंशांवर २४ तास भाजा. थेट ९०० वर उडी नको. उरलेला पोटॅशियम मेटाफॉस्फेट सुमारे ८०७ अंशांना वितळतो आणि अ‍ॅल्युमिनाची मूस खातो. वजनात ८.३ टक्के घट यायला हवी. जास्त आली तर कच्चा माल ओला होता असे समजा. तांब्याच्या क्ष-किरणांनी काढलेल्या विवर्तन आलेखात २५.३ अंशांच्या कोनाला (२θ) अ‍ॅनाटेज किंवा २७.४ ला रूटाइल (टायटॅनियाचे दुसरे रूप) दिसले तर भाजणे अपुरे आहे. केटीपीच्याही रेषा २७.८ च्या आसपास असतात, म्हणून थोडे रूटाइल नुसत्या खांद्यासारखे दिसते आणि सहज नजरेआड होते.

फ्लक्सच्या मार्गात त्याच फॉस्फेटबरोबर डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट घालून मिश्रणातच पोटॅशियम पॉलिफॉस्फेटचा द्रव तयार होतो. ४ ग्रॅम केटीपी आणि ६ ग्रॅम फ्लक्ससाठी डायहायड्रोजन फॉस्फेट ५.६३, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ३.६९ आणि टायटॅनिया १.६१ ग्रॅम लागतो. मूस प्लॅटिनमचीच हवी. मिश्रणात कागदाचा कपटा किंवा इतर सेंद्रिय कचरा गेला तर फॉस्फेटचे क्षपण होऊन (त्यातला ऑक्सिजन निघून) प्लॅटिनमचे फॉस्फाइड बनते आणि मूस भोके पडून वाया जाते. सुरुवातीला मूस एक तृतीयांशच भरा. १००० अंशांवर १५ तास ठेवून ९५० वर या, मग तासाला २ अंशांनी ८०० पर्यंत उतरा. पुढे तासाला ३० अंश. भराभर थंड केले तर स्फटिक तडकतात. फ्लक्स गरम पाण्यात एकदोन दिवसांत विरघळतो, केटीपी विरघळत नाही.

नुसते ९५० ते ८०० उतरायलाच ७५ तास लागतात. मृगापासून चवथीपर्यंत वीज जाण्याचा भरवसा नसतो, आणि एकदा भट्टी झपकन थंड झाली की चार मोठ्या स्फटिकांऐवजी शेकडो बारीक कण मिळतात. माल फुकट जात नाही, पुन्हा १००० वर नेऊन सुरुवात करता येते. वेळ मात्र जातो. शिवाय डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट पावसाळी हवेत पाणी ओढतो. ते १२० अंशांवर रात्रभर वाळवून डेसिकेटरमध्येच (कोरड्या हवेच्या बंद भांड्यात) थंड केले नाही तर पोटॅशियम-फॉस्फरसचे प्रमाणच बिघडते. जनरेटर नसेल तर हे काम नोव्हेंबर ते मे या काळातच करावे.

निवड मात्र प्रश्नावरून करावी. एकक कोशिकेत, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या लहानात लहान ठोकळ्यात, केटीपीची आठ सूत्रे असतात, आणि सममितीने एकमेकांपासून न मिळणारे स्वतंत्र अणू १६: दोन पोटॅशियम, दोन टायटॅनियम, दोन फॉस्फरस, दहा ऑक्सिजन. सगळे सामान्य स्थानांवर, म्हणजे सममितीने न बांधलेल्या जागी; प्रत्येकाचे तीन, आणि एका अक्षावरचा आरंभबिंदू आपणच ठरवतो म्हणून एक कमी, असे ४७ निर्देशांक शोधायचे. भुकटीच्या एकमेकींवर चढलेल्या रेषांतून ते मोकळे सोडले की फॉस्फेटचा चतुष्फलक वेडावाकडा होतो. फॉस्फरस-ऑक्सिजन अंतर १.५४ अँगस्ट्रॉमला बांधावे लागते. टायटॅनियमच्या अष्टफलकातला सुमारे १.७२ अँगस्ट्रॉमचा आखूड बंध विश्वासाने मोजायचा असेल तर ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा एकल स्फटिकच हवा.

टायटॅनियमच्या जागी दुसरा धातू घालून मालिका करायची असेल तर उलट. भाजलेल्या भुकटीत एकच प्रावस्था (एकाच रचनेचा पदार्थ) असेल तर तोलले तेच आत असते. फ्लक्समध्ये मिश्रणात ५ टक्के घातले म्हणून स्फटिकात ५ टक्के उतरत नाही. प्रत्येक वेळी रासायनिक विश्लेषण करावे लागते. अशा मालिकेसाठी आमचे मत निःशंकपणे भाजण्याच्या बाजूने आहे, आणि भुकटीवर १०६४ चा लेझर टाकून हिरवा प्रकाश आला की रचनेत सममिती-केंद्र (ज्याच्या दोन्ही बाजूंना अणू समोरासमोर सारखेच असतात असा बिंदू) नाही हेही कळते.

एकल स्फटिकाच्या मोजणीत फ्लॅक प्राचल (स्फटिकातला किती भाग उलट दिशेचा आहे ते सांगणारा आकडा) ०.५ जवळ आले तर घाबरू नका. सुमारे ९३५ अंशांच्या वर केटीपी सममिती-केंद्र असलेल्या रूपात जातो, आणि तिथे जन्मलेला स्फटिक खाली उतरताना उलट-सुलट भागांत विभागतो. फ्लक्स एक-दोन ग्रॅम वाढवा, म्हणजे पहिला कण त्या तापमानाखाली पडेल.