चिंतेची वीस मिनिटं: सहा-सात महिने वापरून

फेब्रुवारीत मॅमोग्राम आणि सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर 'बायरॅड्स ३', म्हणजे स्तनात गाठ आहे, पण बहुधा कॅन्सरची नाही. डॉक्टर म्हणाल्या, "अशा शंभर गाठींतल्या अठ्ठ्याण्णव तरी साध्याच निघतात. सहा महिन्यांनी पुन्हा बघू." घरी पोचेपर्यंत अठ्ठ्याण्णव विसरले, दोनच लक्षात राहिल्या.

धाकट्या बहिणीने ही पद्धत सांगितली. काळजी दिवसातून एकदाच करायची, ठरल्या वेळी, ठरल्या जागी. एरवी काही मनात आलं की वहीत दोन शब्द टिपायचे आणि कामाला लागायचं. बोर्कोवेक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये अर्धा तास धरून हे करून पाहिलं होतं. मला वीस मिनिटंच झेपली.

माझी वेळ संध्याकाळी सहा, जागा मागच्या गॅलरीतलं वॉशिंग मशीनशेजारचं स्टूल. पहिले तीन आठवडे शुद्ध भंपकपणा वाटला. भाजी चिरताना येणारी काळजी काय अपॉइंटमेंट घेऊन येते? पण एप्रिलच्या सुमारास फरक कळला. सकाळी लिहिलेलं "काखेत दुखतंय" संध्याकाळी वाचायला घ्यावं, तर दुखणं कधीच थांबलेलं. त्याआधी मी दिवसातून पाचसहादा गाठ चाचपायचे, चाचपून ती जागा दुखायची, आणि दुखतंय म्हणून पुन्हा चाचपायचे! ते सुटलं. पुढे तर वीस मिनिटं भरायचीही नाहीत, उरलेल्या वेळात कपडे वाळत घालायचे. (त्वचा ओढल्यासारखी दिसली किंवा स्तनाग्रातून रक्त आलं, तर ते मात्र वहीत टिपून ठेवायचं नाही, सरळ डॉक्टरांना फोन करायचा.)

ऑगस्टमध्ये गाठ जराशी वाढलेली दिसली. शेरा आता '४ ए', म्हणजे थोडा संशय, म्हणून बायोप्सी: गाठीचा तुकडा काढून तपासायचा. इथे पद्धतीने दगा दिला. लॅबने चार दिवस सांगितले, लागले नऊ, आणि विचारलं तर फोन उचलणाऱ्याला काही ठाऊक नाही. वही सकाळच्या चहालाच भरायची.

त्या नऊ दिवसांत उपयोग झाला तो डॉक्टरांनी दिलेल्या पाच मिनिटांचा. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये राहतो, मग मेणात बसवतात, त्याचे पातळ काप काढून रंगवतात. शंका वाटली तर आणखी वेगळे रंग लावून बघतात. म्हणजे उशीर झाला की वाईटच, असं नाही. हे कळल्यावर निदान रात्री झोप लागली. शिवाय रिपोर्ट ॲपवर आला तरी घरी उघडायचा नाही, डॉक्टरच वाचून सांगतील, असं ठरलं होतं.

शुक्रवारी रात्री पावणेअकराला तो आला. ठरलेलं अर्थातच पाळलं गेलं नाही. फोन अहोंच्या हातात देऊन मी गॅलरीत जाऊन बसले. आतून आवाज आला, "अगं, फायब्रोअ‍ॅडेनोमा लिहिलंय. हे चांगलं का वाईट?"

चांगलं. म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही. सकाळी डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

तर लांबच्या वाट बघण्याला पाचपैकी चार, आठ-दहा दिवसांच्या घालमेलीला जेमतेम दीड. वही घ्याल तर ड्रेसच्या खिशात मावेल एवढी घ्या. माझी पहिली दोनशे पानी होती, ती शोधण्यातच अर्धी काळजी व्हायची.