ऑपरेशन कुणाचं करायचं, त्याचं की तिचं?

दोन मुलं झाली, आता बास, इथवर नवराबायकोचं एकमत होतं. पण ऑपरेशन दोघांपैकी कुणी करून घ्यायचं, हे बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही. दुसऱ्या बाळंतपणाची तारीख जवळ आली की सासू, आई, आशाताई सगळ्याच म्हणतात, "त्यातच उरकून घे." विषय संपला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. नवऱ्याच्या नसबंदीवर विसंबलेली जोडपी होती ०.३ टक्के. यावरून कुणालाही वाटेल की बाईचं ऑपरेशन सोपं असणार. प्रत्यक्षात आहे उलटं.

पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीत अंडकोषाच्या पिशवीच्या कातडीपुरती भूल देतात, पुढून मध्यभागी एक बारीक छिद्र करतात आणि त्यातून दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या एकेक करून बाहेर घेऊन कापतात, बांधतात, परत आत सोडतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. थोड्या वेळाने माणूस आपल्या पायांनी घरी जातो. दोन दिवस आराम करायचा, आधाराला घट्ट अंडरवेअर किंवा लंगोट घालायचा आणि आठवडाभर जड काही उचलायचं नाही.

बाईच्या बाबतीत गर्भाशयाकडे बीज नेणाऱ्या दोन नळ्या बांधायला पोटाच्या आत शिरावंच लागतं. बाळंतपणानंतर सात दिवसांत केलं तर बेंबीखाली लहानशी चीर देतात. एरवी दुर्बिणीतून करायचं तर पोट गॅसने फुगवतात. आतड्याला किंवा रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका कमी असला तरी असतो. आणि हे सगळं कडेवर तान्हं मूल असताना.

मग पुरुष मागे का सरतो? "नंतर जमेल ना?" हा खरा प्रश्न, पण तो डॉक्टरला विचारत नाहीत, बायकोला तर नाहीच. उत्तर सरळ आहे. टेस्टोस्टेरॉन अंडकोषात तयार होऊन थेट रक्तात जातं. कापलेल्या नळीशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे इच्छा, ताठरता, वीर्यपतन सगळं पूर्वीसारखंच राहतं. वीर्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम दोन ते पाच टक्के, त्यामुळे प्रमाणातला फरक कळतही नाही. बाईचंही तसंच आहे: बीजकोश जागेवर असतात, पाळी चालू राहते. उलट दिवस जाण्याची धास्ती गेल्यावर अनेक जोडप्यांना मोकळं वाटतं. काही थोड्या पुरुषांना मात्र अंडकोषात बरेच महिने दुखत राहतं. हे आधी सांगायला हवं, लपवायला नको.

भीतीला इतिहासही आहे. आणीबाणीत, १९७६-७७ च्या एका वर्षात, साठ लाखांहून जास्त पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, त्यातल्या कितीतरी धाकदपटशाने. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. आजोबांनी त्या वर्षांबद्दल जे सांगितलं, ते नातवाच्या मनात अजून आहे.

बाईच्या ऑपरेशनची बाजू दोन ठिकाणी जड होते. सिझर होणारच असेल तर पोट उघडलेलं असतं, तेव्हा नळ्या बांधायला वेगळी चीर लागत नाही. आणि ते लगेच लागू पडतं. पुरुषाच्या वाहिन्यांमध्ये जुने शुक्राणू उरलेले असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. ही तपासणी टाळणाऱ्या घरात पाळी चुकली की संशय बायकोवर जातो, म्हणून तपासणीची तारीख ऑपरेशनच्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून टाका. तपासणी निर्धोक आल्यावर मात्र पुरुषाची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा कमी वेळा फसते. बाईचं फसलं तर गर्भ नळीतच राहण्याची भीती असते, त्यामुळे ऑपरेशननंतर कधीही पाळी चुकली तर थांबू नये. गुप्तरोगांपासून संरक्षण मात्र दोन्हीत नाही.

माझं मत विचाराल तर सिझर ठरलेलं नसेल आणि नवरा तयार असेल तर त्याचं. "तयार" या शब्दावर जोर आहे, टोमणे मारून नेलेला माणूस पुढे अंथरुणातही रुसून राहतो. बोलणं काढायचं तर बाळंतपणाच्या घाईत नको, सातव्या महिन्याच्या आसपास, सासू शेजारी नसताना. "तुमचं करून घ्या" असं सुरू केलं तर भांडण ठरलेलं. "अहो, दोघं मिळून डॉक्टरांना विचारून येऊ या का?" याला नाही म्हणणं अवघड जातं. तिथे त्याला पाच मिनिटं डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.

दोघांपैकी एकाच्याही मनात "पुढेमागे अजून एक" असेल तर दोन्ही ऑपरेशनं बाजूला ठेवा. जोडता येतं म्हणतात, पण मूल होईलच याची खात्री नाही. दहा वर्षं चालणारी तांबी सरकारी दवाखान्यात फुकट बसवून मिळते आणि हवी तेव्हा काढता येते. आणि एक: सरकारी नियमांनुसार नसबंदीला जोडीदाराची सही लागत नाही. बाईच्या फॉर्मवर नवऱ्याची सही आणायला कुणी सांगितलंच तर हा नियम दाखवा.