एकच करार, दोन मतं: सँडर्स आणि वॉरन यांच्यात कोणाची भूमिका पटते?

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मत देणाऱ्या मराठी माणसापुढे व्यापाराच्या बाबतीत दोन प्रकारचे उमेदवार येतात. एक म्हणतो, हे करार कामगारांच्या मुळावर आले, मी त्यांना मत देणार नाही. दुसरा म्हणतो, करार हवेत, पण दुरुस्त करून. डेट्रॉइटच्या परिसरात वाहन उद्योगात काम करणारे आपले कितीतरी लोक आहेत. त्यांच्यासाठी हा थेट पोटापाण्याचा प्रश्न आहे.

नुसत्या भाषणांवरून निवड करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. प्रायमरी ओहायो-मिशिगनसारख्या कारखानदारीच्या राज्यांकडे वळली की सगळेच उमेदवार करारांवर तुटून पडतात. २००८ साली क्लीव्हलँडच्या वादचर्चेत ओबामा आणि हिलरी क्लिंटन या दोघांनीही सांगितलं की नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोमधला जुना व्यापार करार, बदलून घेण्यासाठी आम्ही बाहेर पडण्याचा इशारा देऊ. निवडून आल्यावर ओबामांनी तो इशारा दिला नाही. उलट २०११मध्ये दक्षिण कोरिया, कोलंबिया आणि पनामा यांच्याशी झालेले करार त्यांच्याच सहीने मंजूर झाले. हिलरींनी २०१२मध्ये टीपीपी या पॅसिफिक किनाऱ्याच्या देशांशी होऊ घातलेल्या व्यापार कराराची तोंड भरून स्तुती केली आणि २०१५मध्ये, प्रायमरीच्या तोंडावर, त्यालाच विरोध केला.

म्हणून तुलनेसाठी मी असा प्रसंग घेतो जिथे उमेदवारांना बोलण्यासोबत मतही द्यावं लागलं. १६ जानेवारी २०२०. अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्याची पहिली फेरी, आयोवाचं कॉकस, तीन आठवड्यांच्याही आत आलेली. त्या दिवशी सिनेटने नाफ्टाची जागा घेणारा अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करार ८९ विरुद्ध १० मतांनी मंजूर केला. बर्नी सँडर्स यांनी विरोधात मत दिलं, एलिझाबेथ वॉरन यांनी बाजूने. पक्षाच्या डाव्या बाजूचे हे दोन मोठे उमेदवार. २०१५मध्ये टीपीपीचा मार्ग मोकळा करणाऱ्या कायद्याला दोघांनीही विरोध केला होता. इथे मात्र त्यांची वाट वेगळी झाली.

सँडर्स यांची जमेची बाजू म्हणजे सातत्य. १९९३मध्ये प्रतिनिधीगृहात त्यांनी नाफ्टाविरुद्ध मत दिलं, २०००मध्ये चीनला कायमस्वरूपी व्यापारी दर्जा देण्याविरुद्ध दिलं. जो बायडन यांचं मत १९९३मध्ये नाफ्टाच्या बाजूने पडलं होतं. नव्या करारावर सँडर्स यांचे दोन मुख्य आक्षेप होते: त्यात हवामानबदलाचा उल्लेखसुद्धा नाही, आणि कारखाने मेक्सिकोला जायचे थांबणार नाहीत. हे आक्षेप पोकळ नव्हते. करारातली एक अट अशी की मोटारीच्या ४० ते ४५ टक्के भागाचं काम ताशी किमान १६ डॉलर कमावणाऱ्या कामगारांनी केलेलं असावं. ऐकायला भक्कम वाटते. पण १६ डॉलरचा आकडा महागाईबरोबर वाढत नाही, म्हणजे दरवर्षी तो आपोआप हलका होत जातो. शिवाय जी कंपनी अटी पाळत नसे, तिने प्रवासी मोटारीवर तेव्हाची नेहमीची अडीच टक्के जकात भरली की मोटार अमेरिकेत येत असे. यंत्रकामगारांच्या मोठ्या संघटनेनेही कराराला विरोध केला होता.

वॉरन सुरुवातीला याच कराराच्या विरोधात होत्या, हे इथे फार महत्त्वाचं. नोव्हेंबर २०१८मध्ये ट्रम्प यांनी सही केलेला मसुदा त्यांना मान्य नव्हता. डिसेंबर २०१९मध्ये प्रतिनिधीगृहातल्या डेमोक्रॅट सदस्यांनी त्यात बदल करवून घेतले. जैविक औषधांना दहा वर्षांचं संरक्षण देणारं कलम गेलं. ते राहिलं असतं तर स्वस्त पर्यायी औषधांची वाट आणखी अडली असती. कामगार हक्कांसाठी एका-एका कारखान्याविरुद्ध तक्रार करण्याची जलद यंत्रणाही त्यात घातली गेली. मग देशातल्या सर्वांत मोठ्या कामगार महासंघाने पाठिंबा दिला, आणि वॉरन यांनीही. आयोवातल्या वादचर्चेत त्यांचं म्हणणं असं होतं की शेतकरी आणि कामगारांना थोडा दिलासा मिळतोय तो घेऊ आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी चांगल्यासाठी भांडू. चीनने सोयाबीनवर लावलेल्या जकातीने आयोवाचा शेतकरी तेव्हा पोळला होता, आणि अमेरिकी मक्याचं मेक्सिको हे मोठं गिऱ्हाईक.

आता कोणाचं खरं ठरलं ते एका कारखान्यात पाहू. मेक्सिकोच्या ग्वानाह्वातो राज्यात सिलाओ इथे जनरल मोटर्सचा ट्रकचा कारखाना आहे, कामगार सहा हजारांच्या आसपास. एप्रिल २०२१मध्ये जुन्या संघटनेने केलेला वेतन करार ठेवायचा की नाही यावर तिथे मतदान सुरू झालं आणि काही मतपत्रिका नष्ट केल्याचं उघड झालं. मे महिन्यात बायडन सरकारने ती नवी यंत्रणा वापरून स्वतःहून तक्रार केली. ऑगस्टमध्ये फेरमतदान होऊन कामगारांनी जुना करार फेटाळला. फेब्रुवारी २०२२मध्ये चार संघटनांमधून त्यांनी स्वतंत्र संघटना निवडली, तीही तीन चतुर्थांशांहून जास्त मतांनी. त्याच वर्षी तिने साडेआठ टक्के पगारवाढ मिळवली. नाफ्टामध्ये असं काही घडायला जागाच नव्हती. तिथली कामगारविषयक कलमं जोडकरारात होती, आणि त्यांनी कारखान्याच्या फाटकापर्यंत कधी पोचून दाखवलं नाही.

त्यामुळे त्या एका मतावर माझा कौल वॉरन यांना आहे. पण ते बदल झाले कशामुळे? 'हा मसुदा असाच आला तर पाडू' असं म्हणणारे पुरेसे लोक पक्षात होते म्हणून. ती ताकद सँडर्स यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं उभी केली. मार्च २०१६मध्ये सगळ्या पाहण्यांचे अंदाज खोटे ठरवत त्यांनी मिशिगनची प्रायमरी जिंकली, तेव्हा पक्षाच्या पुढाऱ्यांना ती जाणवली. चार वर्षांनी त्याच मिशिगनमध्ये बायडन यांनी सगळेच्या सगळे ८३ परगणे जिंकले. म्हणजे व्यापार हा मुद्दा एकट्याने निवडणूक फिरवतो, असंही धरून चालू नका.

तुमच्यासमोरचा उमेदवार कोणत्या पदासाठी उभा आहे, तेही बघा. जलदगती कायद्याखाली (त्याची मुदत २०२१मध्ये संपली) करार आला की सिनेटर किंवा प्रतिनिधीला त्यात दुरुस्ती सुचवता येत नसे, हो किंवा नाही एवढंच म्हणता येत असे. तिथे मला अटी आधी जाहीर करणारा आणि त्या पूर्ण झाल्या की शब्द पाळणारा माणूस हवा. अध्यक्षाचं वेगळं. वाटाघाटी तोच सुरू करतो, मसुदा लोकांना कधी दाखवायचा हेही मुख्यतः त्याच्याच हातात. वॉरन यांनी जुलै २०१९मध्ये मांडलेल्या आराखड्यात मसुदे वाटाघाटी चालू असतानाच जाहीर करण्याचं वचन होतं, आणि करार करू पाहणाऱ्या देशासाठी कामगार, हवामान, मानवी हक्क अशा पूर्वअटी होत्या. त्यातल्या अनेक अटी अमेरिका स्वतःच पूर्ण करत नाही, हेही त्यांनी मान्य केलं होतं. इतका तपशील सँडर्स यांच्या व्यापारविषयक भाषणांत मला सापडला नाही. मात्र टेबलावरून उठून जायची तयारी त्यांच्याइतकी कोणाचीच नव्हती.

सभेत किंवा फोनवर प्रश्न विचारायची संधी मिळाली तर या करारातल्या मुदतवाढीच्या कलमाबद्दल विचारा. करार १ जुलै २०२० रोजी लागू झाला, सोळा वर्षांसाठी. सहाव्या वर्षी तिन्ही देशांनी आढावा घ्यायचा, आणि मुदत वाढवण्यावर एकमत झालं नाही तर तो दरवर्षी घेत राहायचा. त्यात १६ डॉलरचा आकडा तुम्ही वाढवून मागणार का? सिलाओसारख्या तक्रारी लढवणाऱ्या विभागाला पैसा आणि माणसं देणार का? त्याआधी याच उमेदवाराने मागच्या प्रत्येक करारावर कसं मत दिलं ते शोधून ठेवा. सिनेट आणि प्रतिनिधीगृहातली नोंदवून घेतलेली मतं नावानिशी जाहीर असतात.