फ्रीबीएसडी सोर्समधून: नऊ महिने, सात अपग्रेड आणि एक फसलेली पासवर्ड फाइल

आधीच सांगते, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचं साधं रिलीज वापरत असाल तर ती सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, स्वतः बांधायच्या भानगडीत पडू नका. फ्रीबीएसडी-अपडेट हे टूल तयार बायनरी (आधीच बांधलेले प्रोग्राम) आणून बसवतं, विषय संपला. माझ्या जुन्या थिंकपॅडच्या वायफायपायी मला स्टेबल/14 शाखा (रिलीजच्या मधल्या काळात बदलत राहणारा कोड) हवी होती आणि त्या शाखेला हे टूल हात लावत नाही. मग काय, सोर्स ओढा आणि मेक बिल्डवर्ल्ड, म्हणजे सिस्टीम बांधायची कमांड, चालवा.

पहिल्या खेपेला पावणेतीन तास लागले. बराचसा वेळ एलएलव्हीएम आणि क्लँग खातात, म्हणजे सिस्टीम राहिली बाजूला, आधी कोडपासून प्रोग्राम बनवणारा कंपायलरच बांधत बसायचं. पंख्याचा आवाज ऐकून आईने विचारलं, "यावर पापड भाजून घेऊ का?" नंतर फाइलमॉन मॉड्यूल लोड करून मेटा मोड चालू केला. आता बदललं तेवढंच पुन्हा बांधलं जातं. एलएलव्हीएमला धक्का नसेल तर अर्ध्या तासाच्या आत उरकतं.

लोक घाबरतात ते कंपाइलला, पण खरं तर तोच सगळ्यात निर्धोक भाग. जे बनतं ते ओबीजे डिरेक्टरीत पडून राहतं, चालू सिस्टीमला काही कळतही नाही. एका गुरुवारी मधेच लाइट गेली (माझी बॅटरी शोभेपुरतीच आहे). संध्याकाळी तीच कमांड पुन्हा दिली, बास. जपायचं ते इन्स्टॉलला. आधी नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा), मग रीबूट, तो धड उठला तरच इन्स्टॉलवर्ल्ड (बाकीचे प्रोग्राम बसवणं). नवा कर्नल जुन्या प्रोग्रामांना सांभाळून घेतो. जुन्या कर्नलवर नवे प्रोग्राम चालतीलच असं नाही.

दुसऱ्या अपग्रेडला रीबूटनंतर स्क्रीन काळी ठिक्कर. ग्राफिक्सचं डीआरएम मॉड्यूल (स्क्रीन चालवणारा ड्रायव्हर) आधीच्या कर्नलसाठी बांधलेलं होतं. बूट मेनूतून कर्नल.ओल्ड, म्हणजे आधीचा कर्नल, निवडला, आत आले आणि सेटिंगमध्ये पोर्ट्स_मॉड्यूल्सची एक ओळ घातली. तेव्हापासून कर्नलबरोबर तेही आपोआप बांधलं जातं. सोर्सबरोबर येणारी, बदलांच्या सूचनांची अपडेटिंग नावाची फाइल मात्र दर वेळी वाचतेच.

खरी फजिती चौथ्या वेळी झाली. नव्या-जुन्या कॉन्फिग फाइलींचा मेळ घालताना इटीसीअपडेट हे टूल मास्टर.पासडब्ल्यूडी या खाती-पासवर्डांच्या फाइलीवर अडलं. रात्रीचे साडेबारा, डोळे मिटत होते, मी 'टीएफ' दाबलं. म्हणजे 'माझी फाइल टाका, त्यांची घ्या.' त्यांच्या फाइलीत माझं नाव कुठून असणार? लॉगिन होईना. रूट (सर्वाधिकारी खातं) टाइप केलं तर पासवर्ड न विचारता थेट आत! मूळ फाइलीत रूटचा पासवर्ड रिकामाच असतो. पोटात गोळा आला.

वाचवलं ते झेडएफएस या फाइलसिस्टीमच्या बूट एन्व्हायर्नमेंटने, म्हणजे सिस्टीमच्या जपून ठेवलेल्या, हवी तेव्हा बूट करता येणाऱ्या प्रतीने. इन्स्टॉलआधी बीईसीटीएल क्रिएट या कमांडने ते करून ठेवलेलं होतं. मेनूतून जुनं एन्व्हायर्नमेंट निवडलं आणि दोन मिनिटांत सगळं जागच्या जागी. होम फोल्डर वेगळ्या डेटासेटवर (झेडएफएसच्या वेगळ्या भागात) असल्याने माझ्या फाइलींना काहीच झालं नाही. झेडएफएस नसेल तर हा उद्योग मी कुणालाच सुचवणार नाही.

एक धोका मात्र राहतो. झेडपूल स्टेटस ही कमांड अधूनमधून पूल (झेडएफएसची डिस्कवरची सगळी साठवण) अपग्रेड करायला सुचवते. मी अजून केलेला नाही. केला तर जुन्या एन्व्हायर्नमेंटमधल्या कर्नलला किंवा बूटलोडरला तो पूल वाचता येईलच असं नाही, मग परतीची वाटच बंद.

सध्या सात एन्व्हायर्नमेंट साठली आहेत आणि 256 जीबीची डिस्क भरत आलीय. या रविवारी दोन ठेवून बाकीची उडवायची आहेत.