वसमत रोडवरचा एसीवाला मिस्त्री: गॅस न भरता गाडी गार करून दिली

परभणीत मे महिन्यात गाडीचा एसी ही काय चैन राहिली नाही राव, बाहेर ४३-४४ डिग्री अन् आत लेकरं रडायली. माझ्या जुन्या डिझेल गाडीचं दुखणं असं की हायवेला ऐंशीच्या स्पीडला एसी एकदम मस्त, पण रेल्वे गेटला गाडी थांबली की दोन मिनटात कोमट हवा. आधी एका ठिकाणी दाखवली तर बोनेट न उघडताच म्हणे गॅस संपला, भरून टाका. अहो गॅस काय डिझेल आहे का जळून संपायला? सिस्टीम बंद असते, गॅस कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक आहे, ते शोधल्याबिगर भरायचा म्हणजे पैसे हवेत सोडणं.

मग वसमत रोडला एक छोटं दुकान आहे, पत्र्याचं शेड, तिथं गेलो. मिस्त्रीनं पहिला प्रश्नच हा विचारला की भाऊ, चालू गाडीत गार होतं का? हो म्हणलं, तर डोकं हलवलं अन् गॅसचं प्रेशर दाखवणारं गेज लावलं. गाडी उभी, एसी फुल, हाय साइडचा (जास्त प्रेशरच्या बाजूचा) काटा ३०० पीएसआयच्या वर. मग मगभर पाणी घेऊन कंडेन्सरवर (गाडीच्या तोंडाशी असलेली एसीची जाळी, गॅसमधली उष्णता इथून बाहेर जाते) मारलं, अन् माझ्यासमोर काटा सरसर खाली आला आणि आतून गार हवा सुरू. म्हणे गॅस बरोबर आहे, तुमच्या कंडेन्सरला श्वास घेता येईना.

बंपर खोलला तर कंडेन्सर अन् रेडिएटरच्या फटीत कापसाचं पिंजण, धूळ, मेलेले किडे यांचा नमदाच बसलेला! (जिनिंगच्या सीझनला कापसाच्या गाड्यांमागं गाडी चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.) धुताना प्रेशर वॉशर लावला नाही, त्यानं जाळीच्या बारीक फिन (पातळ पट्ट्या) वाकतात, साध्या पाइपनं आतून बाहेर पाणी मारलं. त्यात कंडेन्सरला हवा देणाऱ्या फॅनची लो स्पीड बंद होती, एसी लावल्याबरोबर फॅन फिरायला पाहिजे तो फिरतच नव्हता, त्याचा रेझिस्टर (फॅन कमी वेगानं फिरवणारा भाग) बदलला. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून दाखवला, पार काळा, तो पण नवा टाकला. नंतर एसीची हवा येते त्या जाळीत थर्मामीटर लावलं तर भर दुपारी उभ्या गाडीत ९ डिग्री. गॅसला हात लावला नाही, त्याचे पैसे पण लावले नाहीत.

काचेवर काळी फिल्म लावू का विचारलं तर म्हणे समोर-मागं ७० टक्के अन् बाजूला ५० टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे, गडद लावून चलान कशाला ओढवून घेता. त्यापेक्षा उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा आधी थोडा वेळ उघड्या ठेवा, आतली वाफ जाऊ द्या, मग काचा लावून रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवायचं बटण) दाबा.

आता वाईट बाजू. बसायला जागा नाही, सावली पण अर्धीच. फोन उचलत नाही, अन् एक तास म्हणलं की तीन धरून चाला. पक्कं बिल मागितलं तर वहीच्या कागदावर लिहून दिलं. कंपनीची वॉरंटी असलेली नवी गाडी असंल तर इथं नेऊ नका, जुन्या गाडीला मात्र डोळे झाकून न्या. सकाळी नऊच्या आत जा, दुपारी लाइन लागते अन् कधी कधी टाकीतलं पाणीच संपलेलं असतं.