‘हर्बल सनब्लॉक’च्या बिनलेबलच्या डबीपासून सावध राहा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका पार्लरमधून एका ताईंनी ४५० रुपयांना ३० ग्रॅमची डबी घेतली. वर नुसतं स्टिकर: ‘हर्बल सनब्लॉक, एसपीएफ १००’. विकताना सांगितलं, “रात्री झोपताना मटाराच्या दाण्याएवढं लावा, तीन महिने पुरेल.” आठ दिवसांत चेहरा उजळला, वांगाचे डाग फिके पडले. ते बघून शेजारणींनीही घेतली. डबी संपली आणि थोड्याच दिवसांत चेहरा लालबुंद झाला, बारीक पुटकुळ्या उठल्या. जोतिबाच्या चैत्र यात्रेत उन्हात उभं राहिल्यावर तर तिखट चोळल्यासारखी आग झाली.

फसवणूक विकणाऱ्याच्या त्या एका वाक्यातच दिसते. सनस्क्रीन रात्री लावून काय उपयोग? आणि एसपीएफचा, म्हणजे क्रीम ऊन किती अडवतं त्याचा, आकडा मोजतात तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून. चेहरा आणि मानेला ते साधारण दोन बोटांवर ओढलेल्या रेषांएवढं, म्हणजे एक ग्रॅमच्या थोडं वरच, लागतं. दिवसातून दोनदा लावलं तर ३० ग्रॅम पंधरा दिवसही पुरत नाही. तीन महिने पुरणारी डबी सनस्क्रीन असूच शकत नाही.

मुख्य म्हणजे सनस्क्रीन आठ दिवसांत गोरं करत नाही. ते फक्त पुढचं नुकसान अडवतं. इतक्या झटपट उजळवणाऱ्या डब्यांत अनेकदा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन मिसळलेलं असतं. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, पण पुढे त्वचा पातळ होते. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य तयार होऊ देत नाही. ट्रेटिनोइनने त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. म्हणजे उन्हापासून वाचायला घेतलेली वस्तू त्वचेचं स्वतःचं संरक्षणच काढून घेते. काही क्रीममध्ये पारा सापडतो, तो मूत्रपिंडावर जातो.

वापर थांबवला की आग होते आणि तीच डबी परत लावली की शमते. म्हणून माणूस दुसरी डबी आणायला जातो. तसं करू नका. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात किंवा त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि डबी सोबत न्या. स्टेरॉइड हळूहळू कसं कमी करायचं ते तेच सांगतील. चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज असेल, लघवीला फेस येत असेल तर तेही सांगा, पाऱ्याने मूत्रपिंड बिघडल्याची ती खूण असू शकते.

खऱ्या ट्यूबवर निर्मात्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, मुदत आणि घटकांची यादी असते. यादीत झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, अ‍ॅव्होबेंझोन असे ऊन अडवणारे घटक शोधा. एसपीएफ ३० पुरतं. ते सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे किरण, अडवतं, ५० चं सुमारे ९८ टक्के. यूव्हीए, म्हणजे त्वचेत खोल जाणाऱ्या किरणांसाठी ट्यूबवर पीए+++ ही खूण बघा, कारण ते किरण ढगांतून आणि खिडकीच्या काचेतूनही येतात. घराबाहेर पडण्याआधी १५ मिनिटं लावा, उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत. शेतात दिवसभर राबणाऱ्यांना एवढी ट्यूब परवडत नाही. त्यांना पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, मान झाकणारा टॉवेल आणि रुंद काठाची टोपी जास्त उपयोगाची.

डबी आणि ऑनलाइन पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.