फ्रान्सच्या खेड्यात राहायचंय? बोसचं गाव की ऑब्राकचं

पॅरिस बघून झालं, आता आठवडाभर खऱ्या शेतीच्या गावात राहायचंय असं म्हणणाऱ्यांपुढे साधारण दोन पर्याय असतात, एक पॅरिसजवळचा बोसचा सपाट गव्हाचा पट्टा आणि दुसरा दक्षिणेकडचं ऑब्राकचं पठार, जिथे सगळं गायींवर चालतं.

आधी बोस. तिथल्या मोठ्या शहरापर्यंत, म्हणजे शार्त्रपर्यंत, पॅरिसहून ट्रेनने साधारण तास-सव्वातास, त्यामुळे जाणं सोपं. क्षितिजापर्यंत गहू, मधे सायलो, म्हणजे धान्य साठवायच्या उंच टाक्या, आणि शार्त्रच्या कॅथेड्रलचे मनोरे लांबूनच दिसायला लागतात. पण गावात शिरलात की उंच भिंती आणि मोठाली फाटकं, कारण तिथले जुने वाडे चारी बाजूंनी बंद, मधे अंगण. शेती मोठ्या मशीनवर, माणसं कमी लागतात, बरेच जण सकाळी शहरात कामाला जातात, मग दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. जुलैत कापणीच्या वेळी मात्र हार्वेस्टर रात्री उशिरापर्यंत चालतात, तेव्हा जा.

ऑब्राकचं वेगळंच आहे. आवेरों, कांताल आणि लोझेर हे तीन जिल्हे जिथे भेटतात तिथलं हे पठार, उंची हजार मीटरच्या वर, आणि गाय म्हणजे रोजचं काम, त्यामुळे माणसं बाहेर दिसतात, बोलतात. २५ मेच्या आसपास गुरं वर कुरणांत चढवतात, शिंगांमधे फुलं, झेंडे, गळ्यात मोठाल्या घंटा, आणि डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारख्या त्या बदामी गायी रस्ताभर. आपला पोळा आठवतोच. पूर्वी वरच्या दगडी झोपड्यांत, म्हणजे ब्युरॉनमधे, चीज बनायचं, ते बंद पडायला लागलं तेव्हा तरुण शेतकऱ्यांनी १९६० मधे तिथल्याच लायोल गावी सहकारी संस्था काढली, तीच आज हे चीज टिकवून आहे. सहकाराचं गाव बघितलेल्या माणसाला हे फार जवळचं वाटेल. तिथलं अलिगो खाच, बटाटा, ताजं चीज, लोणी, साय, लसूण घोटून घोटून चमचा वर उचलला की हातभर तार निघते. शाकाहारी लोकांनी एवढं लक्षात ठेवा की चीजमधे बहुतेक वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, असतं, चालत नसेल तर आधी विचारा.

मेरी, म्हणजे गावचं ऑफिस, दोन्हीकडे असतं. फ्रान्समधे जवळपास ३५,००० कम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायती-नगरपालिकांसारखे भाग, निम्म्याहून जास्त ५०० वस्तीच्या आतल्या, तरी प्रत्येकाला आपला मेयर. शेजारी पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक, त्यावर एकच आडनाव दोन-तीनदा वाचलं की गाव किती रिकामं झालं असेल ते कळतं. दुकानात शिरताच आधी बोंजूर, म्हणजे नमस्कार, म्हणा, नाहीतर समोरचा गप्पच होतो.

माझं मत ऑब्राकला. फक्त गाडी लागतेच, नाहीतर अडकाल, आणि हिवाळ्यात बर्फ, तेव्हा मे ते सप्टेंबरच धरा. गाडी चालवत नसाल किंवा हातात दोनच दिवस असतील तर बोस घ्या. आणि ऑब्राकला रात्री घंटा वाजत राहिल्या तर घरमालकाकडे तक्रार नको, खेड्यातले आवाज आणि वास जपायचा कायदाच फ्रान्सने जानेवारी २०२१ मधे केलाय.